दह्याला पाणी सुटतं, त्याचं काय करायचं?

काकू, नमस्कार.

मी मूळचा उदगीरकडचा. एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. खोलीत गॅस, शेगडी, इंडक्शन काहीही चालत नाही, घरमालकांची सक्त ताकीद आहे. मेसचा डबा दुपारी आणि रात्री. सकाळी सातला अभ्यासिका गाठायची असते. त्यामुळे नाश्ता म्हणजे टपरीवरचा चहा-क्रीमरोल नाहीतर वडापाव, आणि अकरा वाजले की परत पोटात कावळे.

अभ्यासिकेतला एक मित्र काचेच्या बरणीत दही, फळं आणि वर काहीतरी कुरकुरीत असे थर लावून आणतो. दिसायला भारी आणि दुपारपर्यंत त्याला भूक लागत नाही म्हणे. मी पण करून पाहिलं. पाऊचमधलं दही, पपई, केळं, सफरचंद, प्रत्येक थरावर थोडी साखर आणि मध्ये ओट्स. रात्री भरून घरमालकीणबाईंच्या फ्रीजमध्ये ठेवलं (एक कोपरा मिळालाय). सकाळी दहाला उघडलं तर तळाला बोटभर पाणी, ओट्सचा लगदा, केळं काळं, आणि दही चक्क कडू. सगळं टाकून द्यावं लागलं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, 'दह्यात फळं घालून कुणी खातंय का रे? पोट बिघडंल की.' रूममेट म्हणतो, हे सगळे श्रीमंतांचे चोचले. माझं नेमकं कुठे चुकलं? माझ्या खिशाला झेपेल आणि दहा मिनिटांत होईल असं काही सांगाल का?

— एक वाचक, पुणे ३०

*

आधी कडूपणाचं बोलू, कारण त्यातला आरोपी लगेच सापडतो. पपई.

तुझ्या आईला विचार, मटण लवकर शिजत नसलं की ती त्याला काय लावते. कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावतात. पपईत पपेन नावाचं विकर असतं (तुमच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात एन्झाइम म्हणतात तेच) आणि त्याचं काम एकच, प्रथिनांचे तुकडे पाडणं. मटणात ते हवंसं असतं. दह्यातही प्रथिनंच आहेत, मग तिथेही ते तेच करतं. त्या तुकड्यांपैकी काही चवीला कडू असतात. पिकलेल्या पपईत पपेन कच्चीपेक्षा खूपच कमी, पण तू त्याला अख्खी रात्र मोकळी दिलीस. अननसातलं ब्रोमेलिन आणि किवीतलं ॲक्टिनिडिन याच जातीचं. म्हणजे ताजा अननस, किवी आणि पपई ही तीन फळं रात्री दह्यात घालायची नाहीत. ऐनवेळी घालून लगेच खाल्लीस तर काही होत नाही, कडू व्हायला त्यांना तेवढा वेळच मिळत नाही. लग्नात अननसाचं रायतं खाल्लं होतं आणि ते कडू नव्हतं, असं म्हणशील, तर तिथे अननस पाकात शिजवलेला किंवा डब्यातला असतो. उष्णतेने हे विकर निकामी होतं.

आता पाणी. खरी मारामारी इथेच आहे. थर लावायचे, सजवायचे, बरणी कुठली, हे सगळं नंतर. या पदार्थात सांभाळायचं असतं ते पाणी: कुठून येतं, कुठे जातं आणि कशापर्यंत पोचता कामा नये. तुझ्या बरणीत ते दोन ठिकाणांहून आलं.

पहिलं, दह्यातूनच. पाऊचमधलं दही डेअरीत छान लागलेलं असतं, पण चमचा घातलास की त्याची कवडी मोडते आणि आत धरून ठेवलेलं पाणी सुटायला लागतं. त्यात तू ते पातेल्यात घेऊन ढवळलं असणार आणि सकाळी पाठीवरच्या सॅकमधून हिंदकळत नेलं असणार. दुसरं, फळांतून, आणि ते तू स्वतः काढलंस, वर साखर घालून. चिरलेल्या फळावर साखर पडली की ती त्यातला रस बाहेर ओढून घेते. कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळी का घालतात, त्याचं हेच कारण. साखर चक्क्यात मिसळलीस तरी सुटका नाही, चक्का सैल पडतो. घरी श्रीखंड केलेल्या कुणालाही विचार.

तर पहिलं काम, दही बांधून ठेवायचं. पंचा आणि खुंटी तुझ्याकडे नाही, लागतही नाही. चहाची मोठी गाळणी घे. त्यात स्वच्छ सुती रुमाल अंथर. नवा असेल तर आधी दोनदा धुऊन त्याची खळ काढून टाक, आणि साबणाच्या वासाचा तर अजिबात नको. त्यात पाव किलो दही ओत. रुमालाची चारही टोकं वर घेऊन दह्यावर दुमड, त्यावर पाण्याने भरलेली छोटी वाटी वजन म्हणून ठेव. गाळणी एका उंच पेल्यावर अडकव, अशी की तिचा तळ आणि खाली साचणारं पाणी यांत तीन-चार बोटांचं अंतर राहील. पाणी गाळणीला टेकलं की पुढे गळणं बंद. हे सगळं प्रकरण फ्रीजमध्ये. सकाळी रुमाल उलगडलास की दह्याचा गोळा अख्खा सुटून येतो, वर कापडाची वीण उमटलेली असते. सुटून न येता कापडाला चिकटला तर अजून पाणी आहे असं समज. पाव किलोचं साधारण निम्मं उरतं, आणि तुला एका वेळेला तेवढं पुष्कळ झालं.

पेल्यातलं ते पिवळसर-हिरवट पाणी ओतून देऊ नकोस. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा. चिमूटभर मीठ आणि असली तर जिरेपूड घालून पिऊन टाक. रुमाल मात्र त्याच सकाळी गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायचा. तो तसाच मोरीत पडला तर दुसऱ्या दिवशीच्या चक्क्याला आंबूस वास येतो आणि मग तू दह्याला नावं ठेवशील.

एवढाही खटाटोप नको असेल तर पेठांत राहण्याचा फायदा घे. डेअरीत चक्का सुटा मिळतो, पाव किलो माग. पाडवा आणि दसरा सोडून कधीही जा, त्या दोन दिवसांत रांगेत तुझे दोन तास जातील. घेण्याआधी बोटावर घेऊन चाखून बघ. श्रीखंडासाठीचा चक्का कधी कधी बराच आंबट असतो, साखरेत तो खपतो, तुझ्या बरणीत खपणार नाही. डेअरीचा चक्का फार घट्ट असतो, दोन चमचे दूध घालून चमच्याने फेटून घ्यायचा. फ्रीजमध्ये झाकून दोन-तीन दिवस सहज जातो.

आणि ज्या दिवशी दोन्ही जमणार नाही, त्या दिवसासाठी आपल्याकडचा सगळ्यात जुना उपाय आहे: पोहे. बरणीच्या तळाला मूठभर जाडे पोहे कोरडेच पसर, वर दही घाल. दह्याचं सुटणारं पाणी रात्रभर पोहे पितात, सकाळी पोहे मऊ आणि दही घट्ट. शिजवण्याचा प्रश्न नाही. पोहे करतानाच धान भिजवून, भाजून मग चेपलेलं असतं, ते कच्चं धान्य नव्हे. गोव्यात नरकचतुर्दशीला घरोघरी फोव, म्हणजे पोहेच, करतात, गुळातले, दुधातले, रोसातले (नारळाच्या दुधातले), आणि त्यात दह्यातले असतातच. गोकुळाष्टमीचा काला तुला सांगायला नको. तेव्हा तुझ्या रूममेटला सांग, यातलं दही-धान्याचं अंग तर आपल्याच घरातलं आहे. कॅफेवाल्यांनी ते काचेत घातलं आणि बिल वाढवलं.

तुझ्या ओट्सचं म्हणशील तर तू दोन वेगळे पदार्थ एकाच बरणीत करायला गेलास. भिजवलेले ओट्स हा एक पदार्थ आणि कुरकुरीत थर हा दुसरा. झुरिकचे डॉक्टर माक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी जी म्युझली सुरू केली, ती पूर्ण भिजवलेलीच होती, आणि तिच्यात ओट्स होते जेमतेम चमचाभर. बाकी सगळं किसलेलं सफरचंद, थोडा लिंबाचा रस, कंडेन्स्ड मिल्क आणि वर बदामासारखा सुका मेवा. आज दुकानात म्युझली म्हणून जे मिळतं त्यात हे प्रमाण बरोब्बर उलटं झालंय. तसं मऊ आवडत असेल तर खुशाल ओट्स भिजव, पण मग त्याच्याकडून कुरकुरीची अपेक्षा ठेवू नकोस.

कुरकुरीत हवं असेल तर ते बरणीत भरायचंच नाही. कागदाच्या पुडीत किंवा छोट्या डबीत वेगळं न्यायचं आणि खायला बसलास की वर टाकायचं. भाजके पोहे चालतील, ज्वारीच्या लाह्या चालतील, खारे नसलेले भाजके शेंगदाणे तर उत्तमच. राजगिऱ्याच्या नुसत्या लाह्या चवीला छान, पण दह्याला टेकल्या की पाहता पाहता मऊ पडतात. त्यावर माझा आवडता तोडगा म्हणजे राजगिऱ्याची चिक्की. कुठल्याही किराणा दुकानात मिळते. पुडीतच मुठीने दोनदा दाबलीस की चुरा होतो. गुळाचा पाक प्रत्येक लाहीला चिकटलेला असल्यामुळे ओल आत शिरायला वेळ लागतो. परदेशी ग्रॅनोलाची युक्तीही हीच, धान्यावर गोडाचा लेप देऊन ते भाजायचं. शिवाय चिक्कीतला गूळ आला की वेगळी साखर लागतच नाही, आणि साखर नाही म्हणजे पाणी नाही.

आता फळं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

ज्या फळाला सुरी लावावी लागत नाही ते आधी निवड. डाळिंबाचे दाणे, अख्खी द्राक्षं. साल शाबूत, म्हणजे रस आतच. रात्री भर, सकाळी जसेच्या तसे. द्राक्षं जानेवारी ते एप्रिल, नाशिकचा माल मंडईत येतो तेव्हा. अख्खा घोस महाग वाटला तर विक्रेत्यांकडे तळाला सुटलेले मणी असतात, ते स्वस्त देतात, तुला कुठे नैवेद्य दाखवायचाय? फक्त फुटलेले वेचून काढ आणि घरी नीट धू. डाळिंब जवळपास वर्षभर मिळतं. एक डाळिंब रविवारी सोलून डब्यात ठेवलंस तर तीन दिवस पुरतं.

केळं रोजचं, सगळ्यात स्वस्त आणि पोटाला आधार देणारं. ते काळं पडतं हवेने. सकाळी सोलून चिरलंस तर प्रश्नच उरत नाही, अर्धं मिनिट लागतं. रात्रीच भरायचं असेल तर चकत्या चक्क्यात पूर्ण बुडव, एकही कड वर डोकावता कामा नये. आणि सालीवर ठिपके पडलेलं, पूर्ण पिकलेलं घे. कडक केळ्याने दही गोड होत नाही.

चिकूला लोक विसरतात. आंबट चक्का आणि पिकलेला चिकू ही जोडी मला आंब्याच्या खालोखाल वाटते. बिया काढून फोडी कर, पाणी फार सुटत नाही. सीताफळ तुम्हा मराठवाड्याकडच्यांना सांगायला नको. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ पावसाळा सरता सरता बाजारात यायला लागतं. त्याचा गर सकाळीच काढायचा, रात्री काढलेला काळवंडतो. बिया काढायला वेळ जातो हे खरं, म्हणून ते रविवारचं फळ. एप्रिल-मेमध्ये गावाकडून कुणी केशर आंबा पाठवला तर बाकी सगळी फळं बाजूला ठेव. हापूसच्या मागे लागू नकोस, फोडीला केशर छान राहतो आणि तुझ्या भागातलाच आहे.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीची, साधारण डिसेंबर ते मार्च. फोटोत तीच असते म्हणून तुझ्या मित्राच्या बरणीतही असेल. चिरली की रस सोडते, म्हणून सकाळी चिरायची किंवा छोट्या अख्ख्याच टाकायच्या. पण एका डब्याच्या पैशात तुझी आठवडाभराची केळी येतात, तेव्हा महिन्यातून एकदा पुरे. सफरचंदाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. महाग, चिरलं की लाल पडतं आणि दह्यात गेल्यावर त्याची चव कुठे जाते कळत नाही. घालायचंच तर लिंबाचा हात लावून घाल. टरबूज, खरबूज, संत्रं, मोसंबी यांना दह्यात मज्जाव. ती फळं म्हणजे पाणीच, ती नुसती खावीत.

एक गोष्ट मात्र रात्री आवर्जून घालण्यासारखी आहे: बेदाणे. सांगली-तासगावचे साधे बेदाणे, चमचाभर, सगळ्यात खाली. चुकार पाणी ते शोषून घेतात आणि सकाळी टपोरे, रसाळ होतात. बी काढून चिरलेला खजूरही तेच काम करतो आणि गोडवा देतो. चिमूटभर कोरडा सबजा तळाला टाकलास तर तोही उरलंसुरलं पाणी ओढून घेतो. तो फुगतो भरपूर, म्हणून चिमूटच.

म्हणजे बरणी अशी भरेल: खाली बेदाणे, त्यावर चक्का, त्यावर डाळिंब किंवा द्राक्षं, परत चक्का, तो असा की बरणी गळ्यापर्यंत भरेल आणि आत हिंदकळायला जागा उरणार नाही. केळं किंवा चिकू सकाळी. चिक्कीचा चुरा आणि शेंगदाणे पुडीत. तुझं अकरा वाजताचं कावळ्यांचं दुखणं शेंगदाण्यांनी आणि चक्क्याने जाईल, फळांनी नाही. पाणी गेल्यामुळे चक्क्यात प्रथिनं दाटलेली असतात, साध्या दह्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणून चक्का कमी करून फळं वाढवू नकोस. पैसे वाचवायचे तर फळं कमी कर. दही, एक केळं, एक चिक्की आणि मूठभर शेंगदाणे, एवढं पुरे. तयार फळांचं दही कपात मिळतं ते घ्यायचा मोह झाला तर आधी मागचं लेबल वाच. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर दुधाच्या पाठोपाठ आणि फळ पार शेवटी, असं दिसलं की कप परत फडताळावर.

आईचं म्हणणं. ते उडवून लावू नकोस, त्याला आधार आहे. चरकसंहितेत दह्याला बऱ्याच अटी घातल्या आहेत: रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, आणि खायचं तर तूप, साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांपैकी काही जोडीला असावं. सुश्रुतसंहितेत तर केळं आणि दही हे विरुद्ध आहारातच येतं. पण त्याच यादीत केळं आणि दूधही आहे, म्हणजे आपलं शिकरणही बाद. आणि आपल्याच पानात डावीकडे केळ्याची दह्यातली कोशिंबीर वाढली जाते, मोहरी फेसून घातलेली, डाळिंबाचे दाणे पेरलेली. तेव्हा ग्रंथ एकीकडे आणि पंगत दुसरीकडे, असं पूर्वीपासूनच चालत आलंय. आजच्या आहारशास्त्राच्या दृष्टीने निरोगी माणसाला दही आणि फळ एकत्र खायला हरकत नाही. तुला स्वतःला ते खाऊन सर्दी होत असेल, पोट जड होत असेल, तर मात्र माझं ऐकू नकोस, आईचं ऐक. आणि सध्यापुरतं केळं वगळून डाळिंब घाल आणि फोनवर सांग, 'आई, दहीपोहे खाल्ले, वर डाळिंब होतं.' यात खोटं काही नाही आणि तिचा जीवही भांड्यात पडेल. वडापाव-क्रीमरोल चालू आहे, हे तिला सांगितलंयस का? तेही सांग. मग दह्याबद्दलची तिची तक्रार बरीच सौम्य होईल.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. तू सातच्या आधी निघतोस आणि दहाला बरणी उघडतोस. हे थंडीत एक वेळ खपेल, उन्हाळ्यात नाही. फ्रीजमधून काढलेलं दूध-दह्याचं खाणं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर गेली असेल तर तासाभराच्या आत संपवावं, असा नियम धरून चाल. पुण्यात मार्च ते मे हा तासाभराचाच हिशेब. म्हणून निघण्याआधी खा किंवा अभ्यासिकेत पोचल्या पोचल्या, खुर्चीवर वही ठेवून बाहेर कट्ट्यावर येऊन खा. दहाचीच भूक असेल तर रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घे. रात्री त्यात फ्रीजचं पाणी भरून ठेव, सकाळी ते ओतून टाकून चक्का भर. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, दह्यात बुडबुडे दिसले किंवा दारूसारखा वास आला तर चाखूनही बघू नकोस.

फ्रीजचा कोपरा दुसऱ्याचा आहे, त्याचंही भान ठेव. गाळणी उघडी ठेवलीस तर दही शेजारच्या चिरलेल्या कांद्याचा वास ओढून घेईल, वरून एक ताटली झाक. पेला कलंडला आणि घरमालकीणबाईंच्या कोथिंबिरीवर पाणी सांडलं तर कोपरा गेलाच म्हणून समज. पेला एका खोल डब्यात उभा करून ठेव. आणि पहिल्याच आठवड्यात एक वाटी त्यांनाही दे, डाळिंब जरा जास्त घालून.

राहता राहिली बरणी. काचेची बरणी सॅकमध्ये जाडजूड पुस्तकांच्या शेजारी नेणं मला पटत नाही. थर दिसावेत म्हणून काच असते, तुला ते कुणाला दाखवायचेत? फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घे. गावाकडून आणलेला पितळी डबा असेल तर तो नको, कल्हई नसलेल्या पितळेत दही कळकतं. काचेचाच हट्ट असेल तर लोणच्याची रिकामी बरणी चालेल. काच वास धरत नाही, वास धरतो तो झाकणाच्या आतला रबर किंवा प्लॅस्टिकची चकती. ती काढून वेगळी धू आणि दोन दिवस उन्हात ठेव. तरीही मोहरी-हिंगाचा वास राहिला तर झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा स्वच्छ तुकडा लावून झाकण फिरव, गळणंही थांबेल.